मापाचा जग

बुधवारी ती रात्रीच्या फळीवर चढलीच नाही.
खुराड्याच्या दाराशी उभी, पाय फाकलेले, शेपूट जमिनीला टेकलेली,
म्हाताऱ्या पेंग्विनासारखी.
बाकीच्या चौघी तिला वळसा घालून आत गेल्या.

पोटाखाली हात घातला तर
गरम पाण्याची रबरी पिशवी,
फक्त वरून पिसं.
दाबलं की आतलं काहीतरी सरकायचं आणि पुन्हा जागेवर यायचं.
ख्रिसमसला चेरीसारखा असलेला तुरा
आता शंभरदा धुतलेल्या फडक्याचा.

आमच्या खोऱ्यात जनावरांची डॉक्टर एकच, तीही मेंढ्यांची.
फोनवर म्हणाली, अंडं वाट चुकून आतच फुटलं असेल,
किंवा काळीज, किंवा गाठ. उघडल्याशिवाय कळायचं नाही,
आणि उघडायचे साडेतीनशे डॉलर.
कोंबडी अठराची आहे, गार्थ.
माहीत आहे, म्हणालो. मीच आणली होती.

या हातांनी चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या,
आणि दर ईस्टरला दोन माना,
एका हिसक्यात, शीळ घालत.
आई सांगायची, जेवणाशी ओळख वाढवू नये.

ओळख वाढवली ऑल्वेनने.
हिचं नाव मिसेस थ्रॉसल, डाकघरातल्या बाईंवरून,
कारण दोघी मान तिरकी करून ऐकतात
आणि दोघींना काही पटत नाही.

शेजारचा टोबायस अँब्युलन्सवर असतो.
रात्रपाळी संपवून तो तसाच आला, गणवेशात, सुई घेऊन.
आधी तिला धुण्याच्या टाकीत कोमट पाण्यात बसवली.
ती डोळे मिटून तरंगली. पाण्यात तिला वजन नव्हतं.
मग मी तिला काखेत धरली, पिसं बाजूला केली.
त्याने टोचलं.
ती ओरडली नाही. मीच काहीतरी म्हणालो.

बाहेर आला तो सफरचंदाच्या रसाचा रंग.
या खोऱ्यात त्या रंगाबद्दल कुणाची चूक होत नाही.
पकडायला हाताशी होता ऑल्वेनचा जॅमचा जग, मापाच्या रेघांचा.
तीनशे दहा.
सगळं काढू नकोस, टोबायस म्हणाला,
एकदम रिकामी केलीस तर कोसळेल.
थोडं आत राहू दे.

रात्री ती स्वयंपाकघरात, खोक्यात, टॉवेलवर.
उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, तिने सगळं खाल्लं.
कुणाचं अंडं, ते आम्ही दोघांनी काढलं नाही.

रविवारी होबार्टला फोन.
ऑल्वेन मला आयव्हर म्हणते, तो तिचा भाऊ होता.
घर कुठे ते तिला आठवत नाही, मुलगी आठवत नाही,
पण विचारते: मिसेस थ्रॉसल खाते का?
खाते, म्हणालो.
मग तिने मला हवा कशी आहे ते विचारलं. चारदा.

नऊ दिवसांनी पिशवी पुन्हा भरली.
चारशे.
मग सहा दिवसांनी.
या वेळी जगात पडलं ते गढूळ, पिवळे गोळे असलेलं,
आणि टोबायसने सुई पुसताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहिवर होतं.
तिला उन्हात नेऊन ठेवली, सफरचंदाच्या खोडाशी,
तिथे ती धुळीत लोळायची.
एक पाय उचलून माती उकरायला गेली
आणि तो पाय तसाच वर राहिला.

शीळ नाही घातली.
मान तीच, हात तेच,
फक्त वेळ लागला.
आणि ऊब किती वेळ राहते हे मला
इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं,
कारण मी लगेच पिसं काढायला बसायचो.

रविवारी विचारलं तिने.
पोट उतरलं, मी म्हणालो.
छान, ती म्हणाली. मग तिला थोडा मका दे, आयव्हर.

मका दिला. चौघींना.
फळीवरची तिची जागा त्या तपकिरी पोरीने त्याच रात्री घेतली.
जग तीनदा उकळत्या पाण्याने धुतला आहे,
स्वच्छ आहे, वरच्या कपाटात आहे.
जॅम यंदा मी लहान पातेल्याने,
अंदाजाने घातला.
पातळ झाला.